खिळ्यावरची शिट्टी

९ मार्च

काट्या,

तुझी शिट्टी पोचली. आत चिठ्ठी असेल म्हणून मी पाकीट उलटं करून झटकलं, मग कडेने फाडून आतून पाहिलं. काही नव्हतं. काळ्या दोरीला तू मारलेली दुहेरी गाठ, तोंडाशी तुझ्या दातांच्या खुणा, बस्स. हिने विचारलं, "काय पाठवलंय भाऊजींनी?" मी तळहात पुढे केला. ती म्हणाली, "म्हणजे बोलायचं नाही, एवढं सांगायला पोस्टापर्यंत गेले म्हणायचे."

तुझ्या चष्म्याच्या दुकानावरून रोज जातो. कुलूप आहे. शेजारचा शिंपी म्हणाला, मुलीकडे गेलेत, कधी येणार ते बोलले नाहीत. शटरवर कोणीतरी खडूने लिहिलं होतं, 'चष्मेवाल्या, आधी स्वतःला लाव.' ओल्या फडक्याने पुसलं. अक्षर चांगलं होतं. आमच्याच कुणा खेळाडूच्या भावाचं असणार.

तू रागाने गेलास, की मी रागावलो असेन असं धरून गेलास, ते मला कळत नाही. म्हणून आधी तेच लिहितो. मी रागावलेलो नाही. बास्केटबॉलचा अंतिम सामना आम्ही एका गुणाने हरलो, तो तुझ्या शिट्टीनंतर हरलो, हे खरं. पण हरणं मला आता पायातल्या जुन्या चपलेसारखं झालं आहे. चावत नाही.

चावलं ते वेगळंच. दर वर्षी एक जूनला हंगाम सुरू झाला की तू पंच आणि मी प्रशिक्षक. बोलणं बंद, एकमेकांच्या घरी जाणं बंद, रस्त्यात समोरासमोर आलो तर तू फुटपाथ बदलायचास. आणि हंगामाचा शेवटचा सामना संपला की हॉलमागच्या टपरीवर पहिला चहा. इतक्या वर्षांत हे कधी चुकलं नव्हतं. त्या दिवशीही चहावाल्याने न सांगता दोन ग्लास भरले. एक गार झाला. शेवटी त्यानेच तो ओतून दिला.

शिट्टी माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे. ती मी ठेवून घेणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

तुझा,
खांब


१६ मार्च

काट्या,

क्लबच्या अध्यक्षांनी बोलावलं होतं. त्यांनी आधी बसायला सांगितलं, मग चहा मागवला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"कोच, संघटनेकडे तक्रार गेलीय. पंचाची चौकशी लागणार. तुम्ही फक्त यायचं आणि सांगायचं."

"काय सांगायचं?"

"फाऊल नव्हता म्हणून."

"मला दिसलंच नाही, साहेब. टिटवीची पाठ माझ्याकडे होती."

"मग तेवढंच सांगा. प्रशिक्षकालासुद्धा फाऊल दिसला नाही. झालं."

बघ, खऱ्याच्या विटा लावून खोट्याची भिंत अशी बांधतात. मी बाकावर बसलो होतो, तू रिंगखाली होतास, आणि मला जे दिसलं ते एवढंच. आम्ही एका गुणाने पुढे. घड्याळ संपत आलेलं. त्यांची ती उंच मुलगी चेंडू घेऊन आत घुसली, आमची टिटवी तिच्यासमोर उडाली. लांब पाय आणि कोर्टवर अखंड ओरडणं, म्हणून मुलींनी तिचं नाव टिटवी ठेवलंय. चेंडू वरून बाहेर फेकला गेला. अख्खा हॉल उभा राहिला. आणि तुझी शिट्टी. फाऊल. दोन फ्री थ्रो, दोन्ही आत.

लोक म्हणतात, काट्याने मैत्री लपवायला मित्राच्याच संघावर फुंकलं. हे मी या कानाने ऐकतो आणि त्या कानाने सोडतो. दुसरं जे म्हणतात ते मात्र कानातून उतरून पोटात बसलंय. आमच्या मुलींची खोड साऱ्यांना माहीत आहे. आपल्या हातून फाऊल झाला की शिट्टीची वाट न बघता आपणच हात वर करायचा. त्यात टिटवी सगळ्यात पुढे. अध्यक्ष त्यावरून मला इतकी वर्षं टोमणे मारत आले. "कोच, तुमच्या पोरी पंचाचं काम हलकं करतात." आता तेच म्हणतात, "दर वेळी हात वर करणारी पोरगी, त्या दिवशी केला नाही. म्हणजे फाऊल नव्हताच. तुमचीच शिकवण आहे, कोच. की आता तुमचाच तिच्यावर विश्वास नाही?"

त्यांचा चहा संपवून मी उठून आलो.

तक्रार मान्य झाली तर सामना पुन्हा खेळवतील आणि तुझं नाव पंचांच्या यादीतून कायमचं काढतील. तू येऊन बोललास तर गोष्ट वेगळी. तू त्यांच्या पत्राला उत्तर दिलेलं नाहीस असं कळलं. मलाही देत नाहीस, तेव्हा संघटनेने वाईट वाटून घेऊ नये.

खांब


२४ मार्च

काट्या,

तुला हे सगळं ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण लिहिलं की मला माझंच नीट दिसतं.

आपल्या शाळेमागच्या मैदानात एकच खांब होता. दुसऱ्या बाजूला मी भिंतीवर उभा राहून लोखंडी कडं धरायचो, म्हणून मी खांब. तू चोखायची गोळी दाताने तोडून बरोबर अर्धी द्यायचास, मोठा तुकडा स्वतःकडे आला तर पुन्हा तोडायचास, म्हणून तू तराजूचा काटा. गुरुजींकडे शिट्टी नव्हती. असती तरी त्यांनी वाजवली असती असं मला वाटत नाही. ते झाडाखाली पुस्तक वाचत बसायचे. आपण भांडत त्यांच्याकडे गेलो की डोकं वर न करता म्हणायचे, "ज्याने केलं त्याला माहीत आहे." थोड्या वेळाने कुणाचा तरी हात वर जायचा.

एकदा तू म्हणालास, "गुरुजी, हा खोटं बोलतोय, याचा हात मी वर करतो." आणि माझं मनगट धरलंस. गुरुजींनी पुस्तक मिटलं. ते म्हणाले, "दुसऱ्याचा हात आपण वर करायचा नाही. वरचा बसलाय ना, तोसुद्धा करत नाही. शिट्टीही वाजवत नाही. वाट बघतो." मी रोज सकाळी देवापुढे डोळे मिटतो तेव्हा मला हेच आठवतं. दुसरी प्रार्थना मला फारशी येत नाही.

पुढे माझा गुडघा गेला. इस्पितळाच्या खाटेवर मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. खेळायचं नाही म्हणजे मी कोण, असं झालं होतं. तू मला चाकाच्या खुर्चीत घालून, नर्सला काहीतरी थाप मारून, मागच्या अंगणात नेलंस. तिथे कामगारांची पोरं कसातरी चेंडू फेकत होती. तू म्हणालास, "ती निळ्या फ्रॉकवाली आता कुठे फेकणार?" मी सांगितलं. तिने तिकडेच फेकला. "आणि आता तो?" तेही सांगितलं. तेव्हा तू म्हणालास, "तुला उडी मारता येणार नाही, ठीक आहे. कोण कधी उडी मारणार हे तुला कळतं ना? मग बोंबलतोस कशाला?"

माझी सगळी नोकरी, सगळे चषक, माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या मुली, त्या एका बोंबलतोस-कशालामधून निघाल्या. मी तुझे कधी आभार मानले नाहीत. मानले असते तर तू म्हणाला असतास, आता रडू नकोस, नर्स बघतेय. आता इतक्या लांबून मानतो. तुला हात झटकून टाळता येणार नाही.

टिटवी सरावाला येत नाही. ताप आहे म्हणे. ही म्हणते, "जाऊन विचारा ना पोरीला सरळ. भाऊजींचं नाव जातंय, आणि तुम्ही बसलाय तत्त्वं कुरवाळत." मी म्हटलं, विचारणार नाही. मी विचारलं तर ती मला बरं वाटेल तेच सांगेल, मग ते हो असो की नाही. ती म्हणाली, "तुमच्या दोघांचंच लग्न लावायला हवं होतं. मी आणि वहिनी सुटलो असतो."

तिचंही चुकत नाही. मी जे धरून बसलोय त्याची झळ मला नाही, तुला लागते आहे. हे मला रोज जेवताना आठवतं.

खांब


२ एप्रिल, सकाळ

काट्या,

आज चौकशी. कपडे घालून बसलो आहे.

तुझ्यासाठी खोटं बोलावं, असं काल दिवसभर वाटत होतं. 'होय, मी डोळ्यांनी पाहिलं, फाऊल होता.' एक वाक्य. कोणाला कळणार? पण माझ्या खोट्यावर सुटलास तर तू ही शिट्टी पुन्हा तोंडात धरणार नाहीस, एवढं मी तुला ओळखतो. तेव्हा खरं आहे तेवढंच बोलेन, आणि ते अपुरं पडेल हेही मला दिसतं आहे.

देवाला म्हटलं, आज तरी वाजव.

खांब


३ एप्रिल

काट्या,

सगळं सांगतो. क्रमाने सांगतो.

संघटनेच्या खोलीत लांब टेबल, तीन सदस्य, तुझ्यासाठी ठेवलेली रिकामी खुर्ची. एका बाजूला अध्यक्ष आणि आमचा संघ. मुलींना त्यांनी संघाचे कपडे घालून आणलं होतं. टिटवी मागे दाराजवळ उभी होती. चेहरा उतरलेला. ताप खरा असावा.

मला विचारलं. मी सांगितलं, "हाताला हात लागला की नाही ते मला दिसलं नाही. तिची पाठ माझ्याकडे होती. पण या पंचाला मी लहानपणापासून ओळखतो. न दिसलेलं तो फुंकत नाही. त्याने माझ्याविरुद्ध पुष्कळदा फुंकलंय, आणि घरी जाऊन विचार केला की दर वेळी तोच बरोबर निघालाय. हे फार त्रासदायक आहे, पण असं आहे."

एक सदस्य हसले. अध्यक्ष हसले नाहीत. ते उठून म्हणाले, "मैत्रीचं प्रमाणपत्र नको, साहेब. इथे एक साधी गोष्ट आहे. या संघाची पद्धत तुम्हाला माहीत आहे. फाऊल केला की मुलगी स्वतः हात वर करते. हजारो लोकांनी पाहिलंय, त्या दिवशी हात वर गेला नाही. यापेक्षा मोठा पुरावा कोणता?"

खोलीत सगळ्यांनी माना हलवल्या. खरं सांगू, मलाही क्षणभर पटलं. आपल्या गुरुजींची गोष्ट मी या पोरींना दिली, आणि तीच दोरी तुझ्या गळ्यात पडली. मी खिशातली शिट्टी मुठीत धरून बसलो.

तेवढ्यात प्रमुख सदस्य दाराकडे बघून म्हणाले, "हं, काय विचारायचंय?"

मी वळून पाहिलं. टिटवीचा हात वर होता.

"बोल, बाळ. काय विचारायचंय?"

"विचारायचं नाही, सर."

"मग?"

"हात वर केलाय."

खोलीत कोणालाच काही कळेना. अध्यक्ष म्हणाले, "अगं, खाली कर, तुझी पाळी आली की बोल." तिने खाली केला नाही. कोपर सरळ, बोटं मिटलेली, मी शिकवतो तसाच. संघातल्या बाकीच्या मुलींना आधी कळलं. कोणीतरी हुंदका गिळला, तेव्हा सदस्यांना उमजलं.

ती म्हणाली, "चेंडूला लागायच्या आधी माझा हात त्या उंच मुलीच्या मनगटाला लागला. नखाने ओरखडा उठला तिला. मला कळलं होतं. हात वर करणार होते, पण सगळे नाचायला लागले. मग शिट्टी वाजली आणि सगळे पंचांना शिव्या द्यायला लागले. मग हात जड झाला."

"मग इतके दिवस का नाही बोललीस?"

"कुणी विचारलं तर बोलायचं ठरवलं होतं. सगळे मला शाबासकीच देत होते. सरांनी तर काहीच विचारलं नाही."

बाहेर जिन्यात अध्यक्षांनी मला गाठलं. ओठ घट्ट मिटलेले. "हे असले धडे तुम्हीच दिलेत, कोच."

मी म्हटलं, "मी नाही. आमचे गुरुजी होते एक."

मला आजवर मिळालेल्या सगळ्या बक्षिसांत हे मोठं. मी घरी येऊन हिला सांगितलं तर ती स्वयंपाक टाकून बसली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "आता तरी भाऊजींना फोन लावा." मी म्हटलं, तो उचलत नाही. म्हणून लिहितो.

तक्रार फेटाळली. तुझं नाव यादीत आहे.

तुझाच,
खांब


२६ मे

काट्या,

अजून तुझी चिठ्ठी नाही. संघटनेचं पत्र तुला पोचल्याचं वहिनींनी हिला फोनवर सांगितलं. तू ते वाचून घडी करून ठेवलंस आणि नातीला शाळेत सोडायला गेलास, असंही सांगितलं. आपल्या दोघांच्या बायका आहेत म्हणून जगाला आपली बातमी कळते.

क्लबने मला मोकळं केलं. मला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. आता मुलींच्या शाळेमागे एक उघडं कोर्ट आहे तिथे शिकवतो. एका बाजूची रिंग वाकडी आहे. डावीकडून फेकलं की चेंडू आत जातो, उजवीकडून फेकलं की शेजारच्या अंगणात. शेजारच्या आजी तो परत देण्याआधी प्रत्येक मुलीला तिचं नाव विचारतात. छत नसल्याने आवाज घुमत नाही, त्यामुळे ओरडावं लागत नाही. मी सुखात आहे, काट्या. उगाच म्हणत नाही. ज्याला सकाळी उठून आवडत्या कामाला जायचं असतं त्याने देवाकडे आणखी काय मागायचं?

टिटवी येते. तिलाही त्यांनी संघातून वगळलं. पहिल्या दिवशी आली तेव्हा कोपऱ्यात उभी राहिली. मी चेंडू तिच्याकडे टाकला. ती ओरडली, "सर, चेंडू टाकायच्या आधी सांगा ना!" तेव्हा कळलं, बरी झाली.

पण तिचं एक अडलं आहे. परवा म्हणाली, "सर, मी हात वर केला तेव्हा ते पंच तिथे नव्हते."

"त्यांना कळलंय. मी लिहिलंय."

"कळलं असेल. पण दिसलं नाही ना त्यांना. फाऊल त्यांनी दिला होता."

म्हटलं, मी कळवतो.

येत्या रविवारी, सकाळी, त्या उंच मुलीचा संघ आपल्या या वाकड्या रिंगवर सराव सामना खेळायला येणार आहे. ती मुलगी स्वतःहून तयार झाली. पंच ठरवलेला नाही. टेबलामागच्या भिंतीत एक खिळा आहे, त्याला तुझी शिट्टी टांगून ठेवतो. आलास तर काढून घे. नाही आलास तर गुरुजींच्या मैदानात खेळायचो तसे खेळू. तुझ्यावर जबरदस्ती नाही. दुसऱ्याचा हात मी वर करत नाही.

खांब


२ जून

काट्या,

काल तू आलास.

मी फाटकाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे सारखा तिकडेच बघत होतो. तू आलास, चष्मा पुसलास, माझ्यासमोरून सरळ गेलास आणि खिळ्यावरची शिट्टी घेतलीस. मी हात पुढे केला. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. घड्याळ लावलंस, वाकड्या रिंगखाली जाऊन मान वर करून तिला बराच वेळ न्याहाळलंस.

मी बाकावर बसलो. म्हटलं, आलाय तो पोरीसाठी आलाय. माझ्याशी संपलं त्याचं.

पहिल्याच पाचेक मिनिटांत टिटवीने त्या उंच मुलीला ढकललं. मला तर वाटतं मुद्दाम. शिट्टी तुझ्या तोंडात होती, पण तू वाजवली नाहीस. हात वर गेला. तिथून हलेनाच. तिने तो तुझ्याकडे धरून ठेवला, आणि तू शिट्टी तोंडातून काढून तिच्याकडे बघत उभा राहिलास. मग मान डोलावलीस. मग वाजवलीस. माझ्या सगळ्या मुली टाळ्या वाजवायला लागल्या. फाऊल झाल्यावर टाळ्या मी प्रथमच ऐकल्या. शेजारच्या आजी भिंतीवरून विचारत होत्या, "कोण जिंकलं गं?"

त्यानंतर तू आमच्यावर सपाटून फाऊल दिलेस. त्यातला एक मला अजून पटलेला नाही. घरी येऊन विचार केला. पटला.

सामना संपला, तू शिट्टी खिशात टाकलीस आणि फाटकाबाहेर निघून गेलास. एक शब्द नाही. मी मागे गेलो नाही. मुली पांगल्यावर हॉलमागच्या टपरीवर गेलो, सवयीने. एकच चहा सांगितला.

चहावाला म्हणाला, "चष्मेवाले येऊन गेले मघाशी. विचारत होते, टपरी पुढच्या हंगामापर्यंत इथेच आहे ना?"

"मग?"

"म्हटलं, कुठे जाणार? तर म्हणाले, शेवटच्या सामन्यानंतर दोन ग्लास भरून ठेव. मी म्हटलं, आत्ताच भरतो की, ते पण येतीलच. तर माझ्यावरच डोळे वटारले. म्हणाले, आज एक तारीख आहे. हंगाम सुरू झालाय."

मी कॅलेंडर पाहिलं नव्हतं. तू पाहिलंस.

बोलायचं नाही एवढंच आपलं ठरलं आहे, लिहायचं नाही असं कधी ठरलं नव्हतं. तरी हे पत्र टाकून झालं की मीही नियम पाळतो. आज सकाळी तुझ्या दुकानावरून गेलो. शटर अर्धं वर होतं. तू आत झाडत होतास. मला बघून तू पाठ फिरवलीस, आणि मी, हसू दाबत, फुटपाथ बदलला.

खांब